साफ करून घरपोच येणारी तारली: घ्यावी का?

मुंबई-पुण्यात ॲपवरून मासळी मागवणाऱ्यांना आता तारलीही साफ करून मिळते. डोकं, खवले, आतडी काढलेली, हवाबंद पिशवीत, सोबत बर्फाची पाकिटं. सुरमईला ही सोय छान चालते. तारलीला तेवढी नाही.

आधी वजनाचं. तारलीचं डोकं लांबलचक असतं. किलोभर अख्खी तारली साफ केली की साधारण ६०० ते ६५० ग्रॅम हाती उरते. म्हणून ‘५०० ग्रॅम’ वाचून थांबू नका; ते साफ करण्याआधीचं की नंतरचं, हे खाली बारीक अक्षरात असतं. आधीचं असेल तर चार जणांच्या घराला पाकीट अपुरं पडतं.

खरी अडचण ताजेपणाची. बाजारात आपण कल्ले उचलून लाली बघतो, डोळे बघतो. डोकंच नसेल तर ही ओळख गेली. राहतं ते पोट, आणि तारलीच्या बाबतीत पोट बरंच काही सांगतं. ही मासळी पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींवर जगते. भरल्या पोटी जाळ्यात आली आणि बर्फ उशिरा पडला, की पाचकरस पोटाची भिंतच विरघळवू लागतात आणि पोट फुटतं. पाकीट उघडून पोटाची कड बघा. सुरीने कापलेली कड सरळ असते. ती फाटकी, मऊ, बरगड्यांचे काटे बाहेर आलेली दिसली तर मासा कापण्याआधीच उतरला होता. मणक्यालगत मांस तांबूस होऊन काट्यापासून सुटत असेल, तरी तेच समजा.

बर्फाची पाकिटं वितळून कोमट झाली असतील तर पिशवी न उघडता परत करा. उबेत राहिलेल्या तारलीत आणि बांगड्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही, फ्रीझरमध्ये ठेवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड चुरचुरतं, चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात. मसाला वाढवून असा मासा वाचवायला जाऊ नये.

डोकं नसल्यामुळे तारलीच्या नावावर पेडवे, म्हणजे तिच्याच कुळातली दुसरी मासळी, हेही खपून जातात. तारलीचं अंग लांबट, पोट गोलसर. पेडवे जास्त चपटे आणि तेलाला कमी. पेडवे वाईट नव्हेत, पण तारलीच्या भावाने का घ्यावेत?

आमचं मत: अख्खी तारली मिळत असेल तर तीच मागवा. अर्धा किलो साफ करायला पाव तास पुरतो. नळाखाली धरून अंगठ्याने शेपटीकडून डोक्याकडे खवले काढा. कल्ल्यामागे कात्रीने वरून काप द्या, पण पूर्ण तोडू नका; डोकं खाली ओढलं की बरीचशी आतडी सोबत येतात. पोटाखालची खरखरीत धार कात्रीने कापून टाका. आतलं काळसर अस्तर आणि मणक्याजवळचं रक्त नखाने खरवडा, नाहीतर कालवण कडवट लागतं. मग मिठाच्या पाण्यातून एकदाच धुवा. फार वेळ भिजवली की मांस पिळपिळीत होतं.

पाकिटातली तारली चांगली निघालीच तर तिखलं, म्हणजे माशाचं दाटसर तिखट कालवण, करा. अर्ध्या किलोला ८-१० भिजवलेल्या बेडगी मिरच्या, चमचाभर धणे आणि हळद वाटून घ्या, ५-६ आमसुलं आणि वाटीभर पाणी घाला. ६-७ तिरफळांच्या काळ्या बिया काढून नुसती सालं ठेचून टाका. वाटणात घातली तर कडू होतात. डाव घालू नका, भांडंच हलवा. १० मिनिटांत होतं. ताजी तारली अख्खी राहते, उतरलेली भांड्यातच सुटते.

ऑक्टोबर ते डिसेंबर तारली तेलाने भरलेली असते. तेव्हा पाकीटही एक वेळ परवडतं. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत मिळते ती बहुधा गोठवलेली. तारलीचं तेल फ्रीझरमध्येही हळूहळू खवट होतं. पोटाची कड पिवळी पडलेली दिसली तर ती घेऊ नका. त्या दिवसांत सुकटीची चटणी बरी.