पलासियातील डे-केअर केंद्र: उपचार चोख, वेळेचा मात्र आनंद

आत्याचा संधिवात मेथोट्रेक्झेट या नेहमीच्या औषधाला दाद देईना, तेव्हा इंदूरच्या जुन्या पलासियातील एका डे-केअर केंद्रात तिला रिटुक्सिमॅबच्या १००० मिलिग्रॅमच्या दोन मात्रा, दोन आठवड्यांच्या अंतराने, देण्यात आल्या. हे औषध पृष्ठभागावर सीडी२० हे प्रथिन असलेल्या बी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) नष्ट करते. प्रतिद्रव्ये तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर ते प्रथिन नसल्यामुळे त्या बचावतात, हे तेथील परिचारिकेने आम्हांला सोप्या मराठीत समजावले. दबलेला हिपॅटायटिस बी या औषधाने पुन्हा उसळू शकतो, म्हणून त्या तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत केंद्राने पहिली मात्रा दिली नाही, ही दक्षता मला सर्वांत मोलाची वाटली. सलाईन संथ गतीने सुरू करून दर अर्ध्या तासाने रक्तदाब पाहून गती वाढवली गेली. मात्र नऊची वेळ देऊन उपचार साडेबाराला सुरू झाला आणि बिलात हातमोजे दोनदा लागले. तिसऱ्या महिन्यात आत्याचा सकाळचा ताठरपणा बराच उतरला. अर्थात ते श्रेय औषधाचे, केंद्राचे नव्हे. पुढच्या मात्रेला तिथेच जाऊ, पण डबा सोबत घेऊन.