होमकमिंगचा सामना: बॉल सोडा, लाइन बघा

डॅलसच्या उत्तरेकडच्या एका हायस्कूलचा होमकमिंगचा (माजी विद्यार्थ्यांना शाळेत परत बोलावणारा वार्षिक सोहळा) अमेरिकन फुटबॉलचा सामना नुकताच बघून आले. माझा भाचा बारावीत आहे, संघात लेफ्ट गार्ड खेळतो आणि हे त्याचं शेवटचं होमकमिंग, म्हणून न्यू जर्सीहून मुद्दाम गेले होते. पण घरचं कोणी खेळत नसलं तरी, सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या एखाद्या शुक्रवारी टेक्सासात असाल तर नक्की जा. पैसे पुरेपूर वसूल होतात.

तिकीट 8 डॉलर, फक्त ऑनलाइन. गेटवर रोख चालत नाही, फोनवरचा कोड दाखवायचा. आत न्यायची पिशवी पारदर्शकच हवी. माझ्या पुढे उभ्या असलेल्या आजींना पर्स ठेवायला पार्किंगच्या पार दुसऱ्या टोकाला परत जावं लागलं. वयस्क माणसाला असं पिटाळणं मला आवडलं नाही. हा नियम तिकीट घेतानाच ठळक अक्षरांत दिसायला हवा.

होम बाजूचे बाक पश्चिमेला होते, त्यामुळे मावळतं ऊन पाठीशी आणि पाहुण्यांच्या थेट डोळ्यांत. ॲल्युमिनियमचे बाक संध्याकाळी सातलाही तापलेले असतात, बसायला छोटी गादी न्याच. आणि पुढची रांग मिळाली म्हणून खूश होऊ नका. खाली बसलं की कडेला उभ्या असलेल्या राखीव खेळाडूंच्या पाठीच दिसतात. जितकं वर जाल तितका खेळ उलगडतो.

गर्दी मात्र छाती दडपेल इतकी. या भागात शाळेची मैदानंही प्रचंड असतात: जवळच्या ॲलन गावात 2012 साली उघडलेलं ईगल स्टेडियम 18,000 प्रेक्षकांचं आहे आणि त्यावर सुमारे 6 कोटी डॉलर खर्च झाले. आम्ही गेलो ते मैदान त्याहून लहान, तरी भरलेलं. शुक्रवारची संध्याकाळ शाळांसाठी राखण्यात कायद्याचाही हात आहे. 1961च्या कायद्याने एनएफएलच्या (व्यावसायिक फुटबॉल लीगच्या) प्रक्षेपण-करारांना मक्तेदारीविरोधी नियमांतून सूट मिळाली; पण शाळांच्या हंगामात शुक्रवारी संध्याकाळी 6 नंतर, शाळेच्या सामन्यापासून 75 मैलांच्या आतल्या टीव्ही केंद्रांना ती सूट लागू नाही. एनएफएलचा खेळ त्या वेळी सहसा टीव्हीवर नसतो, म्हणून अख्खं गाव पोरांच्या खेळाला येतं. मला ही व्यवस्था फार आवडते.

आता मुख्य गोष्ट. भाच्याने आदल्या रात्री जेवताना बजावलं होतं, "मावशी, बॉलकडे बघू नकोस. आम्हा पाच जणांकडे बघ." सेंटर, दोन गार्ड आणि दोन टॅकल ही ती ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे बॉल आपल्याकडे असताना समोरच्यांना अडवणारी फळी. यांच्या पाठीवर 50 ते 79 मधलेच आकडे असतात आणि पुढे फेकलेला पास झेलायची त्यांना मुभा नसते. बॉल घेऊन न पळता संपूर्ण सामना झुंजायचं. पण खेळ काय होणार ते सगळ्यात आधी यांच्याच पायांवरून कळतं. स्नॅप झाल्या झाल्या (सेंटरने बॉल मागे दिला की) ते पुढे घुसले तर बॉल घेऊन पळायचा डाव, मागे सरकून हात वर धरले तर पास. हे एकदा डोळ्यांत बसलं की क्वार्टरबॅकने (डाव चालवणाऱ्या खेळाडूने) कितीही हुलकावणी दिली तरी तुम्ही सहसा फसत नाही. बाकी नियम फार नकोत: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, टचडाउनला (बॉल गोलरेषेपार नेला की) सहा गुण, बारा-बारा मिनिटांचे चार क्वार्टर. घड्याळ सारखं थांबतं, म्हणून अडीच तास धरूनच जा.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये गोलरेषेपासून यार्डभरावर चौथा प्रयत्न होता. फील्ड गोल मारून (बॉल खांबांमधून लाथाडून) तीन गुण सहज मिळाले असते, पण प्रशिक्षकांनी पळायचा डाव लावला. भाच्याने आणि शेजारच्या टॅकलने मिळून समोरच्या धिप्पाड पोराला अक्षरशः उचलून मागे रेटलं आणि त्या फटीतून रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) आत गेला. लाउडस्पीकरवर नाव रनिंग बॅकचं आलं. मी भाच्याचं नाव घेऊन घसा बसेपर्यंत ओरडले, आणि आमच्या मागे बसलेले त्या टॅकलचे आजोबाही.

ताई त्या वेळी खाली बूस्टर क्लबच्या स्टॉलवर नाचो भरत होती, तिचा हा टचडाउन हुकला. हे स्टॉल पालक विनामोबदला चालवतात आणि मिळकत मुलांच्या कार्यक्रमांना जाते, म्हणून खायला बाहेर न जाता इथेच घ्या. फ्रिटो पाय ही इथली खासियत, मक्याच्या चिप्सवर चिली (घट्ट मसालेदार रस्सा) आणि चीज. पण चिलीत बहुतेक वेळा बीफ असतं, तेव्हा विचारून घ्या. शाकाहारी माणसाला नाचो, पॉपकॉर्न आणि अख्खी आंबट लोणच्याची काकडी. मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी रांगेत लागा, नाहीतर मध्यंतर रांगेतच जातं.

आणि ते चुकवायचं नाही. मुली गळ्यात मम घालून आलेल्या असतात: पूर्वी खरं शेवंतीचं फूल असायचं, आता रेशमी फुलाला गुडघ्याच्या खालपर्यंत रिबिनी, छोट्या घंटा, टेडी अस्वल. मुलांच्या दंडावर त्याचीच लहान आवृत्ती, गार्टर. शेवटच्या वर्षाच्या मुलींचे मम पांढरे-चंदेरी, म्हणून दुरूनही ओळखू येतात. विकत घेतलं तर शंभर डॉलरच्या पुढे सहज जातं. त्यामुळे पुष्कळ घरी आया-मुली आठवडाभर गरम गोंदाची बंदूक घेऊन बसतात, आणि मला तेच मम जास्त देखणे वाटले.

मात्र मध्यंतराच्या आखणीवर माझा राग आहे. होमकमिंग राजा-राणीची निवड, प्रत्येक उमेदवाराची ओळख, आई-वडिलांच्या हाताला धरून मैदानभर फेरी, यात इतका वेळ गेला की मार्चिंग बँडला आपला कार्यक्रम अर्धाच वाजवता आला. ही मुलं भर उन्हाळ्यात शाळा सुरू व्हायच्या आधीपासून डांबरावर कवायत करतात. खांद्यावर सूझाफोन (अंगाभोवती वेढलेलं मोठं फुंकवाद्य) घेऊन रेषेत उलटं चालणं सोपं नाही. राजा-राणीचा मान सामन्याआधी उरकता येतो, कित्येक शाळा तसं करतात. बँडला पूर्ण वेळ मिळायलाच हवा.

आमचा संघ चार गुणांनी हरला. तरीही शेवटची शिट्टी झाल्यावर लगेच पार्किंगकडे धावू नका. खेळाडू हेल्मेट काढून विद्यार्थ्यांच्या बाकांसमोर रांगेत येतात आणि बँडच्या साथीने शाळेचं गीत म्हणतात, तोवर पाहुण्यांच्या बाजूची निम्मी वाहतूकही ओसरते. नंतर आम्हाला कुंपणाचं दार उघडून मैदानात सोडलं. भाच्याला भेटायचं तर तिथेच, कारण पुढे त्यांना बसमधून ड्रेसिंग रूमकडे नेतात. फोटो काढायचा असेल तर दिवे बंद व्हायच्या आत काढा, आणि घामाने थबथबलेल्या पोराला मिठी मारायची तयारी ठेवून साधे कपडे घाला.