परळच्या टाटा मेमोरियलमधली तपासणी: आत्याच्या फुप्फुसातली गाठ जुनी की नवी?

आधी एकदा कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसाला नवी गाठ निघाली, की सगळे एकच धरून चालतात: जुनाच परत आला. आमच्या आत्याचं स्तनाचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं लोटली होती, हार्मोनच्या गोळ्यांचा कोर्सही पुरा झाला होता. खोकला हटेना म्हणून सीटी स्कॅन काढलं, तर उजव्या फुप्फुसात गाठ. गावाकडच्या एका डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, "पसरलाय, केमो सुरू करू." गाठीचा तुकडा काढून तपासायचं नावसुद्धा काढलं नाही. त्याचा राग मला अजून आहे.

आम्ही तिला परळला टाटा मेमोरियलमध्ये नेलं. नाव ऐकून घरच्यांना वाटलं, कंपनीचं हॉस्पिटल, परवडायचं नाही. ते सुरू झालं १९४१ साली टाटा ट्रस्टकडून, पण १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे.

तिथल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं, "पहिल्या ऑपरेशनचा ब्लॉक कुठे आहे?" ऑपरेशनमध्ये काढलेल्या मांसाचे तुकडे मेणात बसवून ठेवतात, तो ब्लॉक. वर्षानुवर्षं टिकतो. तो मिळवताना मात्र जीव मेटाकुटीला आला; जुन्या हॉस्पिटलात 'रेकॉर्ड सापडत नाही' हेच पालुपद होतं. माझा भाऊ खिडकीसमोरून हललाच नाही, तेव्हा मिळाला.

मग सीटीत बघत बघत सुईने फुप्फुसातला तुकडा काढला. जागा बधिर केली होती, तरी आत्या घाबरलेली. एक सिस्टर शेवटपर्यंत तिचा हात धरून होत्या. नंतर छातीचा एक्स-रे काढला, कारण सुईने फुप्फुसातून हवा बाहेर गळू शकते.

खरं काम त्यापुढचं. स्तनाचा आणि फुप्फुसाचा कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी सारखाच दिसतो. म्हणून दोन्ही तुकड्यांवर आयएचसी केली, म्हणजे पेशींमधली खुणेची प्रथिनं रंग देऊन शोधली. जुन्या तुकड्यात ईआर आणि गाटा-३ (स्तनाच्या कॅन्सरकडे बोट दाखवणाऱ्या खुणा) पॉझिटिव्ह, टीटीएफ-१ (फुप्फुसाकडे बोट दाखवणारी खूण) निगेटिव्ह. नव्यात नेमकं उलटं. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून आम्हाला दाखवले. हा स्तनाचा पसरलेला आजार नव्हता, फुप्फुसात नव्याने सुरू झालेला वेगळा कॅन्सर होता. आत्या विडी-तंबाखूला कधी शिवलेली नाही, तरीही.

पेट स्कॅनमध्ये, म्हणजे जास्त साखर खेचणाऱ्या पेशी चमकून दिसतात त्या तपासणीत, छातीच्या मधली एक लसिकाग्रंथीही चमकली होती. आमचं काळीज हललं. पण टीबी किंवा साध्या सुजेनेही ग्रंथी अशी चमकते, म्हणून दुर्बिणीतून सुई घालून तिचाही नमुना घेतला. कॅन्सरच्या पेशी निघाल्या नाहीत. गाठ एकच, बाकी शरीर स्वच्छ, म्हणून ऑपरेशन करता आलं. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढलाय आणि आत्या घरी हळूहळू चालायला लागलीय. आजार पसरलेला धरून केमो दिली असती, तर ऑपरेशनचा विचारही कुणी केला नसता.

पाचपैकी पाच. त्यांनी अंदाजाला निदान म्हटलं नाही, तुकडा काय सांगतो ते बघेपर्यंत थांबले, यासाठी.

जाणाऱ्यांसाठी: देशभरातून माणसं येतात, तेव्हा पूर्ण दिवस हाताशी ठेवूनच जा. राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. जुनं डिस्चार्ज कार्ड, पॅथॉलॉजी रिपोर्ट, स्लाइड्स आणि ब्लॉक सगळं बरोबर हवं. ब्लॉक लेखी अर्ज करून मागा आणि त्यावरचा नंबर रिपोर्टशी जुळतो का ते तिथेच बघा. नेताना उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.