बारा नरसाळ्यांचा सापळा: वस्तू चांगली, काम भलतंच

अमेरिकेतल्या जॉर्जियात आमच्या मागच्या अंगणात लॉब्लॉली पाइनची जुनी झाडं आहेत. उन्हाळ्यात पावसाने ओढ दिली आणि कुंपणाकडच्या खोडावर तांबूस भुसा दिसू लागला. पाइनची साल पोखरणाऱ्या इप्स भुंगेऱ्यांचा प्रताप! म्हणून ऑनलाइन लिंडग्रेन सापळा मागवला.

काळ्या प्लास्टिकची बारा नरसाळी एकाखाली एक, तळाशी कप. भुंगेऱ्याला ते झाडाचं खोड वाटावं, ही युक्ती. स्टाफन लिंडग्रेन यांनी 1983 मध्ये मांडलेली रचना आजही तीच आहे. वादळवाऱ्यात टिकला. कपाची जाळी मात्र फालतू. पाइनच्या सुया अडकल्या की पाणी तुंबतं.

आमच्या गावाकडे हरभऱ्यात घाटेअळीसाठी कामगंध सापळे लावायचे, त्यात फक्त नर पतंग यायचे. इथल्या ल्यूरमधल्या (वासाच्या आमिषातल्या) इप्सेनॉल-इप्सडाइनॉल या इप्सच्या गंधांना नर-माद्या दोन्ही येतात. आणि त्यांना खाणारेही! थॅनासिमस ड्युबियस हा त्यातला माझा लाडका: तांबूस डोकं आणि खांदे, पाठीवर पांढरे पट्टे, मुंगीसारखा चपळ. हा सालीवर भुंगेरे पकडून खातो आणि त्याच्या अळ्या सालीखाली शिरून भुंगेऱ्यांची पिल्लावळ फस्त करतात. टेम्नोकायला हा चकचकीत निळा-हिरवा शिकारी भुंगेराही येतो. त्याला बोटांनी उचलू नका, कडकडून चावतो.

सोबत कपात टाकायला कीटकनाशकाची पट्टी आली होती. ती टाकली तर हे मित्रकीटकही मरणार. नाही टाकली तर थॅनासिमसची रात्रभर कपातच पंगत. सकाळी उरतात नुसते पाय आणि पंख. मी पट्टी टाकत नाही. मित्रांना ब्रशने उचलून भुसा पडणाऱ्या खोडावर सोडते, उरलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात.

इथली वनखाती वसंतात डॉगवुडची झाडं फुलताना अशाच सापळ्यांत सदर्न पाइन बीटल (पाइन मारणारा दुसरा साल-भुंगेरा) आणि थॅनासिमस दोन्ही मोजतात आणि त्या आकड्यांवरून साथीचा अंदाज बांधतात. सापळ्याचं खरं काम हे. झाड वाचवायला तो घेऊ नका. वासाने आलेले सगळेच काही कपात पडत नाहीत, शेजारच्या पाइनवरही उतरतात. तो पाइनपासून चांगला लांब टांगावा लागतो आणि साध्या अंगणात एवढी जागा कुठली? त्यापेक्षा दुष्काळात झाडांना खोलवर पाणी द्या.

किडे बघायची हौस असेल तर पाचपैकी चार तारे, झाडासाठी एक. घेतलाच तर जादा ल्यूर फ्रीजरमध्ये ठेवा, पण खवलेल्या खोबऱ्याच्या डब्यापासून लांब.