ग्वाल्हेरच्या नव्या घरात हॉट-अँड-कोल्ड एसी: दुसऱ्या हिवाळ्यातला अनुभव

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. छत, भिंती आणि खिडक्या नीट बांधल्या असतील तर आपल्या ग्वाल्हेरात घर गरम करायला वेगळी यंत्रणा लागत नाही. उन्हाळ्यासाठी एसी घ्यावाच लागतो, तोच हॉट-अँड-कोल्ड, म्हणजे हिवाळ्यात गरम हवाही देणारा घ्या. घरात वयस्कर माणूस असेल तर त्यांच्या खोलीत जोडीला एक ऑइल हीटर (आत तेल भरलेला विजेचा हीटर) ठेवा. बस.

पुण्याच्या नातेवाइकांना हा विषयच गमतीचा वाटतो. त्यांना सांगून पटत नाही की जानेवारीत इथे पहाटे पारा चार-पाचावर येतो आणि कोहरा, म्हणजे दाट धुकं, बसला की दुपारीही सूर्य दिसत नाही. रात्र रजाईत निघते हो, खरी थंडी लागते ती दिवसाची. आणि मे महिन्यात तोच पारा ४५ च्या वर. लष्कर या ग्वाल्हेरच्या जुन्या भागातल्या आमच्या वाड्याच्या दगडी भिंती एकदा गार पडल्या की होळीपर्यंत गारच. तिथे सिगडी चालायची, कारण दारं-खिडक्यांच्या फटींतून वारा यायचाच. नव्या, घट्ट बंद होणाऱ्या घरात सिगडी किंवा गॅसचा हीटर अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला पत्ता लागत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, तरी लोक ऐकत नाहीत.

नवं घर ग्वाल्हेरच्याच मुरार भागात. भिंती एएसी ब्लॉकच्या (हलकं, सच्छिद्र काँक्रीट), खिडक्यांना दुहेरी काच, छतावर उष्णता अडवणारी ५० मिमी एक्सपीएस फोमची शीट आणि वर पांढरी टाइल. ठेकेदाराला छताचा खर्च फालतू वाटत होता. पण नुसत्या आरसीसी स्लॅबचा यू-व्हॅल्यू तीनच्या वर असतो, घरांसाठीची केंद्राची ऊर्जा-संहिता, इको निवास संहिता २०१८, म्हणते १.२ च्या वर नको, आणि या शीटने तो हिशेबाने ०.५ च्या आसपास येतो. यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता निसटते तो आकडा. दक्षिणेच्या खिडकीवर छज्जाही मापाने काढलाय. २१ डिसेंबरला दुपारी इथे सूर्य क्षितिजापासून ४० अंशांवरच असतो, म्हणून ऊन थेट पलंगापर्यंत येतं. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर, तेव्हा छज्जा सगळं अडवतो. कोहरा नसेल त्या दिवशी ती खोली संध्याकाळपर्यंत हीटर मागत नाही.

आर्किटेक्टने फरशीखालच्या हीटिंगचंही सुचवलं होतं. पायाला सुख आहे, खरंय. पण विजेच्या तारांची फरशी एका युनिटला एकच युनिट उष्णता देते, तापायला काही तास घेते आणि आपला कडाका जेमतेम दीड-दोन महिन्यांचा. सहा महिने बर्फ पडतो तिथे ते शोभतं.

एसीचं गणित वेगळं. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो. बाहेर सात अंश असताना चांगलं इन्व्हर्टर मशीन एका युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता देतं. पारा उतरला की हे प्रमाणही उतरतं. आम्ही दोन्ही खोल्यांना छोटे मीटर लावले. सारख्याच थंडीच्या रात्री ऑइल हीटरने सहा-सात युनिट खाल्ली, एसीने अडीच-तीन. युनिटला सात रुपये धरा, फरक समोर आहे.

आता कटकटी. पहिली: पहाटेच्या दमट कोहऱ्यात बाहेरच्या युनिटच्या जाळीवर पांढरं दंव साचतं. मग मशीन स्वतःच उलटं फिरून ते वितळवतं. आतला पंखा थांबतो, बाहेरून वाफेचे लोट निघतात, काही मिनिटांत परत गरम हवा सुरू. पहिल्यांदा हे झालं तेव्हा शेजारचे भाईसाहब "आपके एसी में आग लग गई" म्हणत धावत आले होते. काही बिघडलेलं नसतं, दम धरा.

दुसरी: उन्हाळ्यात पाणी आतल्या युनिटमधून निघतं, हिवाळ्यात बाहेरच्या. खाली कुणाची गाडी, जिना किंवा गॅलरी असेल तर ठिबक थेट तिथे. आमच्याकडे फिटिंगला आलेल्या पोराने त्यासाठीची छोटी नळी खोक्यासकट भंगारात टाकली, दुसरी मिळवायला आठवडा गेला. फिटिंगच्या वेळी समोर उभे राहा.

तिसरी सगळ्यांत मोठी: गरम हवा वर जाते आणि एसी असतो भिंतीवर उंच. पहिल्या रात्री डोकं गरम, पाय बर्फ. झडप पूर्ण खाली, पंख्याचा वेग जास्त आणि तापमान २१-२२ ठेवल्यावर जमलं. तीसवर टाकून खोली लवकर तापत नाही, बिल मात्र तापतं.

आईला तरीही ती हवा आवडत नाही. "अरे, तो वारा नको अंगावर, नाक सुकतं," हे तिचं रोजचं. तिच्या खोलीत तासभर एसी लावून खोली कोमट करतो आणि मग ऑइल हीटर कमीवर सोडतो. आवाज नाही, वारा नाही, पायाशी ऊब. त्याला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट हवाच. २५०० वॅटचा हीटर जवळजवळ ११ अँपिअर ओढतो, एक्स्टेंशन बोर्ड वितळतो. हॅलोजनची रॉड आणि ब्लोअर आम्ही घेतलेच नाहीत, बाथरूमपुरते ठीक.

घट्ट घराचा एक त्रास कुणी आधी सांगत नाही. चार माणसं रात्रभर बंद खोल्यांत श्वास घेतात, सकाळी खिडकीच्या चौकटीवर पाण्याचे थेंब. दुपारी पंधरा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडतो, आंघोळीनंतर एक्झॉस्ट चालू ठेवतो. बुरशी अजून तरी कुठे दिसली नाही.

छतावर तीन किलोवॅटचं सोलर आहे, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळालं. पण त्याच्या भरवशावर हीटिंगचा हिशेब मांडू नका. कोहऱ्याच्या दिवसांत पॅनेल झोपलेले असतात आणि हीटर चालतो रात्री. नेट मीटरमुळे, म्हणजे जादा वीज ग्रिडला जाऊन बिलातून वळती होते म्हणून, वर्षभरात सावरतं, जानेवारीचं बिल मात्र येतंच.

घेताना ताऱ्यांवर जाऊ नका. लेबलवरचा ISEER हा वीज-बचतीचा आकडा फक्त थंड करण्याचा असतो, पाच तारे म्हणजे गरमही छान करेल असं नाही. हीटिंगची क्षमता किती वॅट, त्याला वीज किती आणि बाहेर किती अंशांपर्यंत चालतं, हे तीन आकडे कंपनीच्या तपशीलपत्रात असतात. ते मागा. दुकानदार "सब हॉट-कोल्ड एक जैसे होते हैं" म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.