दमट हवेतले मांजराचे लिटर : उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमच्या ठाण्यातील छोट्या फ्लॅटमध्ये एक बोका आणि एक मांजरी आहे. बेंटोनाइट, टोफू आणि सिलिका असे लिटरचे, म्हणजे मांजराच्या शौचाच्या पेटीत पसरायच्या दाण्यांचे, तीन प्रकार त्यांच्यासाठी उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत वापरून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, पाकिटावरील सुगंध, रंग आणि आश्वासने बाजूला ठेवून लघवीचा गोळा किती घट्ट होतो आणि उचलताना तो फुटतो की नाही, एवढेच पाहावे.

या कसोटीवर साधे, गंधरहित, बारीक दाण्यांचे बेंटोनाइट सरस ठरले. ही माती पाणी शोषून फुगते आणि दाणे एकमेकांना चिकटतात. आपल्याकडे तिचे मोठे साठे कच्छमध्ये आहेत आणि इतर प्रकारांच्या मानाने ती स्वस्तही मिळते. मात्र थर पुरेसा हवा. दोन-तीन सेंटिमीटरच पसरले, तर लघवी तळाशी जाऊन प्लास्टिकला चिकटते आणि खरवडताना गोळ्याचा चुरा होऊन उरलेल्या लिटरमध्ये मिसळतो. पाच ते सात सेंटिमीटरचा थर ठेवला की गोळा वरच्यावर अखंड निघतो. धूळ हा बेंटोनाइटचा खरा दोष आहे. पिशवी उंचावरून न ओतता पेटीच्या तळाशी टेकवून हळूहळू रिकामी केल्यास ती बरीच कमी उडते, तरी घरात कोणाला दमा असल्यास मी या लिटरचा आग्रह धरणार नाही.

टोफू लिटर सोयाबीनच्या चोथ्यापासून बनते, वजनाला हलके असते आणि पायांना कमी चिकटते. उन्हाळ्यात त्याविषयी तक्रार नव्हती. जुलैत मात्र उघड्या पिशवीतील कांड्या मऊ पडल्या आणि त्यांना कुबट वास येऊ लागला, कारण शेवटी तो धान्याचाच पदार्थ आहे आणि आपल्या हवेत त्याला बुरशी लागणारच. विदर्भातील कोरड्या हवेत कदाचित ते अधिक टिकत असेल. सिलिकाचे खडे ओलावा शोषतात, पण त्यांचा गोळा होत नाही. शिवाय त्यांच्या टोकदारपणामुळे आमच्या मांजरीने पेटीच्या काठावर उभे राहून काम उरकायला सुरुवात केली, तेव्हा तो प्रयोग तिथेच थांबवला. सुगंधी लिटर तर घेऊच नये, कारण तो वास माणसासाठी असतो आणि मांजराचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते.

स्वच्छतेचे म्हणाल, तर सकाळ-संध्याकाळ गोळे आणि विष्ठा काढणे याला पर्याय नाही. लघवीतील युरियाचे जिवाणूंमुळे अमोनियात रूपांतर होते आणि उग्र दर्प येतो तो त्याचाच. विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माचा परजीवी बाहेर पडत असल्यास तो संसर्गक्षम व्हायला साधारण एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजची सफाई आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. गर्भवती स्त्रीने मात्र हे काम दुसऱ्यावर सोपवावे. रोज गोळे काढण्याचा आणखी एक लाभ म्हणजे त्यांची संख्या आणि आकार नजरेत बसतो. बोका पुन्हा पुन्हा पेटीत बसून जोर करतो आहे आणि गोळा मात्र सापडत नाही, असे दिसल्यास मूत्रमार्ग अडला असण्याची शक्यता असते आणि त्याला ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे लागते.

पेटी पूर्ण रिकामी करून धुताना गरम पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण पुरतो. आपल्या घरांत सर्रास वापरले जाणारे फिनाईल येथे अजिबात नको, कारण फिनॉलवर्गीय द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. क्लोरिनयुक्त ब्लीचही नको, कारण अमोनियाशी संयोग होऊन त्यातून विषारी वायू निघतो. धुतलेली पेटी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय लिटर भरू नये, अन्यथा तळाशी चिखल होतो. पावसाळ्यात ऊन नसल्यामुळे मी एक जादा पेटी घेतली आणि दोन्ही आलटून पालटून वापरते. झाकणाची पेटी पाहुण्यांना बरी दिसते, पण दर्प आत कोंडतो. मांजराच्या लांबीच्या दीडपट मोठा उघडा टब त्यापेक्षा कितीतरी सोयीचा आहे.

राहिली विल्हेवाट. बेंटोनाइट शौचालयात कधीही टाकू नये, ते पाइपमध्ये फुगून बसते. टोफूच्या पाकिटावर तशी मुभा छापलेली असली, तरी इमारतीच्या जुन्या, सामाईक पाइपांवर तो भरवसा टाकायची माझी तयारी नाही. आम्ही गोळे कागदात घट्ट गुंडाळून, वर खूण करून वेगळे देतो, म्हणजे कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला त्यांचा स्पर्श होत नाही.