सर्दी-तापाला चिनी औषध: ग्वेईझ, यिनछ्याओ की गान्माओलिंग?

चीनमधल्या औषधाच्या दुकानात नुसतं ‘सर्दी झालीय’ म्हणून भागत नाही. थंडी जास्त वाजते की घसा जास्त जळतो, हे आधी ठरवावं लागतं. तिथल्या वैद्यकात एक सर्दी ‘वारा-थंडी’ची आणि दुसरी ‘वारा-उष्णते’ची, आणि दोघींची औषधं वेगळी.

हुडहुडी, पाण्यासारखं गळणारं नाक, ठणकणारं अंग असेल तर ग्वेईझ तांग. सुमारे 1,800 वर्षांपूर्वीच्या चांग चोंगचिंग या वैद्याचा हा काढा. दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, पिओनीचं मूळ, आलं, ज्येष्ठमध आणि चिनी बोरं. प्यायल्यावर थोड्या वेळाने गरम पातळ पेज घ्यायची आणि पांघरूण ओढून पडायचं. अंगाला बारीक घाम सुटावा, धारा लागू नयेत. आमच्या आजीने ऐकलं असतं तर म्हणाली असती, यात चिनी ते काय?

घसा लाल, ताप जास्त, थंडी कमी, तर यिनछ्याओ. वू च्युथोंग या वैद्याने 1798 च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथातला हा नुस्खा. हनीसकलच्या कळ्या, फोर्सिथियाची फळं, पुदिना वगैरे. आपल्याला काढा आटवायची सवय, पण इथे ती नडते. सुगंध दरवळला की भांडं उतरवायचं, नाहीतर वासाबरोबर गुणही उडाला म्हणतात. एवढं कोण करणार, म्हणून बहुतेक जण गोळ्याच घेतात.

बानलानगेन या मुळीची गोडसर पूड घरोघरी असते. 2003 च्या सार्सच्या साथीत दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौ शहरात तिच्यावर उड्या पडल्या होत्या. मला ती औषधापेक्षा दिलासाच जास्त वाटते. मधुमेह असेल तर बिनसाखरेची मागा.

सगळ्यात लवकर आराम देते ती गान्माओलिंग, पण त्याचं श्रेय एकट्या झाडपाल्याला देऊ नका. चीनमध्ये सर्रास मिळणाऱ्या 10 ग्रॅमच्या पुडीत 200 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, शिवाय झोप आणणारं क्लोरफेनिरामिन. ‘व्हिटॅमिन सी यिनछ्याओ’ गोळ्यांतही हीच जोडी. म्हणजे वर डोलो घेतली की पॅरासिटामॉल दोनदा पोटात. पुडी घेऊन गाडी चालवायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

या औषधांच्या चाचण्या झाल्यात, पण बऱ्याचशा कच्च्या. त्यामुळे साध्या सर्दीला मी पॅरासिटामॉल नसलेलं ग्वेईझ किंवा साधं यिनछ्याओ निवडेन. ताप तीन दिवसांत उतरला नाही किंवा धाप लागली तर सरळ डॉक्टर.

कोविडमध्ये गाजलेली ल्यानहुआ छिंगवन मात्र विचारूनच घ्या. तिच्यात माहुआंग म्हणजे इफेड्रा नावाची वनस्पती असते. तिने रक्तदाब चढतो, छाती धडधडते. अमेरिकेने 2004 मध्ये इफेड्रा असलेल्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली ती याच कारणाने. चीनहून सुट्टीवर येताना बीपीची गोळी चालू असलेल्या बाबांसाठी ल्यानहुआचं खोकं बॅगेत टाकू नका.